परतीची शेवटची बोट

झाशीतल्या जुन्या मराठी घरांमध्ये उन्हाळा जवळ आला की एक प्रश्न हमखास निघतो. कुणाला कुलदैवताला जायचे असते, कुणाच्या भाऊबंदांकडे लग्न असते, कुणाची अलिबाग-पेण-उरण भागात अजून थोडीशी वाडी शिल्लक असते. आठ-दहा दिवसांची रजा, त्यातले बरेचसे गावी. मधले दोन दिवस मुलांना मुंबई दाखवण्यासाठी. मग विचारणा होते, की अलीकडच्या किनाऱ्यावरून मुंबईला जायचे तर कोणती बोट बरी? मांडव्याची, रेवसची, की मोऱ्याची? गेटवेला उतरावे, की भाऊच्या धक्क्याला?

वरवर पाहता हा प्रश्न पर्यटनाचा आहे आणि प्रशासनविषयक लेखनात त्याला जागा असू नये. परंतु मला तो प्रशासनाचाच प्रश्न वाटतो. प्रवाशाने मार्ग निवडायचा म्हणजे त्याच्यापुढे निदान काही खात्रीलायक माहिती हवी. ती कोणी द्यायची, कोठे द्यायची आणि न दिल्यास जबाबदार कोण, हे ठरलेले नसेल तर प्रवासी निवड करीत नाही, नशिबाची परीक्षा पाहतो. निवड प्रवाशाची असली तरी निवडीचा पाया शासनाने घालून द्यावा लागतो, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

बुंदेलखंड आणि कोकण यांचा संबंध नवा नाही. झाशीचे नेवाळकर घराणे मूळचे रत्नागिरीकडचे. १८५८ मधील झाशीच्या वेढ्याचे मराठीत वर्णन करून ठेवणारे विष्णुभट गोडसे हे पेण तालुक्यातील वरसईचे. दक्षिणेच्या आशेने ते १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. गोडसे भटजींना जे अंतर महिनोन्‌महिने लागले, ते आज रेल्वेने सुमारे एका अहोरात्रात संपते. मंगला एक्स्प्रेस झाशीहून भुसावळ, कल्याणमार्गे थेट पनवेलला आणून सोडते आणि तेथून अलिबाग किंवा उरण एस.टी.च्या पल्ल्यात येते. म्हणजे झाशीपासून खाडीच्या काठापर्यंतचा अकराशे किलोमीटरांचा प्रवास आधीच आखता येतो. गाडीचा क्रमांक, डबा, आसन, पोहोचण्याची वेळ हे सारे घरबसल्या समजते. अनिश्चितता सुरू होते ती शेवटच्या पंधरा-वीस किलोमीटरांच्या पाण्यावर.

मुंबई हे मूळचे सात बेटांचे शहर. भराव घालून ती जोडली गेली, १८४५ मध्ये माहीमचा बांध झाला, पुढे रेल्वे आली आणि उत्तरेकडून येणाऱ्याला बेटावर आल्याची जाणीव राहिली नाही. तथापि पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या बाजूने येणाऱ्याला मुंबई आजही समुद्रापलीकडेच आहे. मांडवा ते भाऊचा धक्का हे अंतर रस्त्याने सुमारे ११० किलोमीटर आहे आणि पाण्यावरून सुमारे १८. या एका आकड्यात जलमार्गाचे सारे समर्थन आले.

आता मार्गांकडे वळू. आपल्या प्रवाशापुढे मुख्यतः चार पर्याय असतात.

पहिला, मांडवा ते गेटवे ऑफ इंडिया. हा सर्वांत लोकप्रिय मार्ग. प्रवास पाऊण ते एक तासाचा. काही कंपन्यांच्या तिकिटात अलिबाग-मांडवा बसही धरलेली असते, ही मोठी सोय. उतरल्याबरोबर समोर फोर्ट, वस्तुसंग्रहालय, काळा घोडा. ज्याला एका दिवसात दक्षिण मुंबई पाहायची आहे त्याला याहून सोयीचे ठिकाण नाही. उणीव ही, की पावसाळ्यात, साधारणतः जून ते ऑगस्ट, ही सेवा बंद असते; आणि गेटवेच्या पायऱ्यांवरून हलत्या बोटीत पाऊल टाकणे सत्तरी ओलांडलेल्या माणसाला सोपे नसते.

दुसरा, मांडवा ते भाऊचा धक्का ही रो-रो सेवा. १५ मार्च २०२० रोजी ती सुरू झाली, काही दिवसांतच टाळेबंदीमुळे थांबली आणि त्याच वर्षी पुन्हा चालू झाली. मोठे जहाज, सुमारे तासाभराचा प्रवास, आणि मोटारीसह चढता येत असल्याने चालण्यास असमर्थ असलेल्या माणसाला वाहनातून थेट जहाजात नेता येते. पावसाळ्यातही हवामान पाहून ती चालवली जाते. उतरण्याचे ठिकाण मात्र गोदी विभागात. जवळचे रेल्वे स्थानक हार्बर मार्गावरील डॉकयार्ड रोड. सामान आणि वृद्ध माणसे बरोबर असतील तर टॅक्सीची तजवीज गृहीत धरावी.

तिसरा, रेवस ते भाऊचा धक्का. हा जुना मार्ग. कोकणातला चाकरमानी, भाजी आणि मासळी घेऊन येणाऱ्या बाया, आठवडी बाजाराची माणसे यांचा. वेळ अधिक लागतो, तास-दीड तास. फेऱ्या थोड्या आणि रेवस बंदरात गाळाची अडचण जुनीच.

चौथा, उरणजवळच्या मोरा बंदरातून भाऊचा धक्का. पाऊण-एक तासाचा, पिढ्यान्‌पिढ्या नोकरदारांनी वापरलेला मार्ग. मोऱ्यालाही गाळ साचतो आणि मोठ्या ओहोटीच्या वेळी बोटी धक्क्याला लागू शकत नसल्यामुळे फेऱ्या काही तास थांबतात. १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंत उपनगरी रेल्वे पोहोचल्यापासून या मार्गाला जमिनीवरचा एक पर्याय मिळाला आहे.

लोक हे चार मार्ग भाडे आणि वेळ या दोन निकषांवर तोलतात. माझ्या मते हे दोन निकष शेवटी यावेत. सुरुवात परतीपासून करावी. जाताना बोट चुकली तर माणूस घरच्याच काठावर असतो. येताना चुकली तर तो परक्या काठावर, अंधारात, मुलाबाळांसह असतो. म्हणून पहिला प्रश्न हा, की परतीची शेवटची बोट किती वाजता आणि ती रद्द झाली तर मुक्कामी पोहोचण्याचा दुसरा मार्ग कोणता? मांडव्याचा मुक्काम असेल तर रात्री मुंबईहून रस्त्याने ११० किलोमीटर जाणे आले. उरणचा मुक्काम असेल तर लोकल आहे. एवढ्या एका फरकाने दोन मार्गांची किंमत पूर्णपणे बदलते आणि तिकिटावर छापलेल्या भाड्यात ही किंमत कोठेही दिसत नाही.

दुसरा प्रश्न ऋतूचा आणि भरती-ओहोटीचा. येथे आपल्या पंचांगाचा चांगला उपयोग होतो. कोकणातील दर्यावर्दी लोकांचा जुना आडाखा असा, की पक्षातील तिथीला पाऊणने गुणले असता भरतीची वेळ साधारण मिळते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा. पूर्ण भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पौर्णिमेला वा अमावास्येला तीच वेळ दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते. भरती आणि ओहोटी यांत सहा-सव्वासहा तासांचे अंतर असते. याचा अर्थ पौर्णिमा-अमावास्येला पाणी सर्वांत खाली जाते ते नेमके सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. शिवाय या दोन तिथींच्या आगेमागे उधाणाचे पाणी असल्याने ओहोटीही सर्वांत मोठी असते. गाळाने उथळ झालेल्या बंदरात याचा परिणाम काय होईल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. जो प्रवासी पौर्णिमेचा दिवस चांगला म्हणून निवडतो आणि संध्याकाळी सहाच्या बोटीने मोऱ्याला परतण्याचा बेत करतो, त्याने नकळत महिन्यातली सर्वांत अडचणीची वेळ निवडलेली असते. ही गोष्ट मोऱ्याच्या नावाड्याला जन्मजात ठाऊक असते. झाशीच्या माणसाला ती कोणी सांगत नाही, आणि बेतवेच्या काठी वाढलेल्याला भरती-ओहोटीचा विचार आपणहून सुचण्याचे कारण नाही.

तिसरा प्रश्न बोटीच्या क्षमतेचा. परवाना किती माणसांचा आणि चढली किती? हा प्रश्न विचारणे आपल्याकडे भित्रेपणाचे समजले जाते. या पाण्याचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

१७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या सुमारास, ‘रामदास’ ही आगबोट भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघाली आणि मुंबई बंदराबाहेर काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. त्यातली बहुसंख्य सणासाठी घरी निघालेली साधी माणसे होती. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. सकाळी घडलेल्या दुर्घटनेची वार्ता शहराला कळायला कित्येक तास लागले. किनारा डोळ्यांना दिसत असताना ही अवस्था. स्वातंत्र्य अवघ्या चार आठवड्यांवर आले होते. त्या धामधुमीत या शोकाची राष्ट्रीय नोंद फारशी झाली नाही. कोकणातील गावांनी मात्र तो लक्षात ठेवला आहे.

१४ मार्च २०२० रोजी, म्हणजे रो-रो सेवा सुरू होण्याच्या आदल्याच दिवशी, गेटवेहून निघालेली एक प्रवासी बोट मांडव्याजवळ बुडाली. गस्तीवरील पोलिसांच्या बोटीने सर्व ८८ प्रवाशांना वाचवले. हे यश पोलिसांचे. व्यवस्थेचे म्हणता येणार नाही, कारण गस्तीची बोट जवळ असणे हा त्या दिवशीचा सुयोग होता.

आणि १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या बोटीला, इंजिनाची चाचणी घेत असलेल्या नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली. पंधरा जीव गेले. टक्कर होण्यात प्रवासी बोटीचा दोष नव्हता. तरीही ८४ प्रवाशांच्या परवान्याच्या बोटीवर शंभराहून अधिक माणसे होती, ही बाब उरतेच. त्यानंतर गेटवेच्या बोटींवर सर्वांना जीवरक्षक जाकीट घालण्याची सक्ती झाली. आपल्याकडे नियम आणि अपघात यांचा क्रम बहुधा असाच असतो.

या तीन घटनांवरून ‘बोटीने जाऊच नये’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. रस्त्यावर दरवर्षी मरणाऱ्यांची संख्या याहून कितीतरी मोठी आहे. मुद्दा वेगळा आहे. तिन्ही वेळी बोटीत पाऊल टाकणाऱ्याजवळ ती माहिती नव्हती, जिच्या आधारे त्याने दुसरी बोट किंवा दुसरा दिवस निवडला असता. रामदासच्या उतारूला खवळलेल्या हवेचा इशारा मिळाला नाही. नीलकमलच्या उतारूला बोटीत मर्यादेपेक्षा अधिक माणसे आहेत, हे मोजून सांगणारे कोणी नव्हते.

मग ही माहिती द्यायची कोणी? येथे आपण प्रशासनाच्या नेहमीच्या कोड्यापाशी येतो. मुंबईकडचा धक्का बंदर प्राधिकरणाच्या अखत्यारीत. पलीकडच्या जेट्ट्या १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे. बोटी खाजगी कंपन्यांच्या किंवा स्थानिक सहकारी संस्थांच्या. जेट्टीपासूनची बस परिवहन महामंडळाची किंवा बोटकंपनीची. हवामानाचा इशारा हवामान खात्याचा, पाण्यावरची सुरक्षा पोलिसांची. यातील प्रत्येक कार्यालय आपापल्या वाट्याचे काम करीत असते. बंदर प्राधिकरण धक्के मोजते, बोर्ड परवाने मोजते, कंपनी तिकिटे मोजते, महामंडळ बसफेऱ्या मोजते. संध्याकाळी सात वाजता धक्क्यावर अडकलेला माणूस मात्र कोणाच्याही तक्त्यात मोजला जात नाही. त्याचा रकानाच नाही.

याबाबत बुंदेलखंडात काम करणाऱ्याला एक जुना कायदा आठवल्यावाचून राहत नाही. उत्तर हिंदुस्थानातील नदीघाटांसाठी १८७८ मध्ये ‘नॉर्दर्न इंडिया फेरीज अॅक्ट’ झाला. यमुना-बेतवेच्या घाटांवरील नावांचे ठेके दीर्घकाळ याच कायद्याच्या चौकटीत दिले गेले. मुंबई इलाख्याने त्याच्याही आधी, १८६८ मध्ये, असा कायदा केला होता. १८७८ च्या कायद्यातील एक कलम मला फार अर्थपूर्ण वाटते. घाटाचा ठेका घेणाऱ्याने दरांचा तक्ता स्थानिक भाषेत, स्पष्ट अक्षरांत, घाटाजवळ ठळकपणे दिसेल अशा जागी लावला पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. परकीय सरकारचा, निरक्षरतेच्या काळातला हा कायदा. परंतु त्याला दोन गोष्टी कळल्या होत्या. एक, नाव खाजगी ठेकेदाराची असली तरी घाट सार्वजनिक आहे. दुसरी, प्रवाशाला फसवणुकीपासून वाचवायचे तर माहिती त्याच्या भाषेत आणि तो उभा असतो त्या जागी पाहिजे.

त्या काळी प्रवाशाची मुख्य नड दराची होती, म्हणून दराचा तक्ता लावला. आज नड वेगळी आहे, तेव्हा तक्ताही वेगळा हवा. प्रत्येक धक्क्यावर, आणि तोच मजकूर दूरध्वनीवर व संकेतस्थळावर, रोज सकाळी ठरावीक वेळी चार गोष्टी जाहीर झाल्या पाहिजेत. आज बोटी चालतील की नाही, आणि संशय असल्यास अंतिम निर्णय किती वाजता होईल. ओहोटीमुळे कोणत्या वेळेतल्या फेऱ्या थांबतील. प्रत्येक बोटीची परवानाधारक क्षमता किती. ही संख्या बोटीच्या दारावरही, मराठी आणि हिंदीत, हातभर अक्षरांत. आणि परतीची शेवटची बोट कोणती व ती रद्द झाल्यास कोणती बस कोठून सुटेल. या चार ओळींना मोठा निधी लागत नाही, निविदा लागत नाही, पर्यावरणाची परवानगी लागत नाही. त्या लिहिण्यासाठी लागतो तो मार्गनिहाय एक जबाबदार अधिकारी, ज्याच्या नावाने तक्ता निघेल आणि चुकल्यास ज्याला विचारता येईल.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की समुद्र कोणाच्या आज्ञेत नाही. सकाळी दिलेले वचन दुपारचा वारा मोडून टाकील. खरे आहे. परंतु म्हणूनच अनिश्चिततेची सूचना द्यायची असते. ‘संध्याकाळची बोट संशयास्पद आहे’ एवढे सकाळी कळले तरी शहाणा प्रवासी दुपारीच परततो.

दुसरा आक्षेप खाजगी कंपन्यांवर बंधने कशी घालावीत हा. याचे उत्तर १८७८ सालीच दिले गेले आहे. अंतर्देशीय जहाजांसंबंधीचा १९१७ चा कायदा जाऊन २०२१ चा नवा कायदा आला. नोंदणी, क्षमता आणि सुरक्षा साधने यांचे नियमन करण्याचे अधिकार शासनाला पूर्वीही होते, आताही आहेत. उणीव अधिकारांची नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रतिष्ठित आहे. आता पूल झाले, अटल सेतू झाला, मग बोटींचा विचार कशाला? १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला हा २१.८ किलोमीटरांचा सेतू ही मोठी सिद्धी आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु त्यावरून दुचाकी किंवा रिक्षा नेता येत नाही. ज्याची मोटार आहे त्याच्यासाठी मुंबई जवळ आली. ज्याची नाही त्याला बस किंवा लोकल, आणि अलिबाग-रेवसच्या बाजूला राहणाऱ्याला बस किंवा बोट. पूल झाला की सधन प्रवासी बोटीवरून उतरतो आणि मागे उरतो तो दुबळा. दुबळ्याच्या मार्गाकडे प्रशासनाचे लक्ष कमी, हा सर्वत्र येणारा अनुभव. मोटारीसह जाणाऱ्या रो-रोच्या प्रवाशाला आसन आगाऊ राखून ठेवता येते. रेवस-मोऱ्याच्या प्रवाशाला आजची फेरी चालू आहे की नाही, हे बहुधा धक्क्यावर जाऊनच कळते. एकाच खाडीच्या पाण्यावर नागरिकत्वाच्या या दोन पायऱ्या का असाव्यात?

जगात इतरत्र या प्रश्नाकडे कसे पाहिले जाते, हे थोडे पाहावे. नॉर्वेत समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यांवरील अनेक फेरीमार्ग हे राष्ट्रीय महामार्गांचाच भाग मानले जातात. रस्ता पाण्यापाशी संपत नाही, तो बोटीवर चढतो आणि पलीकडे उतरतो. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटन आणि स्टेटन आयलंड या दोन बेटांमधील बोट दिवसरात्र चालते आणि १९९७ पासून तिला भाडेच नाही. आपल्याच देशात कोचीने एप्रिल २०२३ मध्ये ‘वॉटर मेट्रो’ सुरू केली. धक्क्यावर रेल्वे स्थानकासारखी फाटके, वेळापत्रक आणि मेट्रोशी जोडणी. तिन्ही ठिकाणी श्रीमंती सारखी नाही, हवामान सारखे नाही. सारखी आहे ती दृष्टी, की फेरी ही सहलीची चैन नसून पाण्यावरचा रस्ता आहे, आणि रस्ता बंद असल्यास फलक लावणे हे शासनाचे काम आहे.

अशी जोडणी आपल्या मुलखाला अपरिचित आहे असेही नाही. झाशीवरून आजही धावणारी पंजाब मेल १९१२ पासून चालू आहे. आरंभी ती मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून टपालाच्या ठरावीक दिवशी निघत असे, कारण विलायतेहून बोटीने येणारे साहेबलोक उतरल्याबरोबर गाडीत बसून पेशावरपर्यंत जावेत, अशी योजना होती. जहाज आणि रेल्वे, दोन संपूर्ण निराळ्या यंत्रणा, एका वेळापत्रकात बांधल्या गेल्या. कारण प्रवासी राज्यकर्ता वर्ग होता. जे त्या वर्गासाठी शंभर वर्षांपूर्वी साधले, ते प्रजासत्ताकात भाजीची पाटी घेऊन रेवसला परतणाऱ्या बाईसाठी का साधू नये? तांत्रिक कारण मला सापडलेले नाही.

ही व्यवस्था होईल तेव्हा होवो. तोवर झाशीच्या किंवा नागपूरपलीकडच्या कोणत्याही मराठी कुटुंबाने काय करावे, याचे उत्तर देणे मला टाळता येणार नाही. वृद्ध माणसे, लहान मुले आणि सामान असेल तर मांडवा-भाऊचा धक्का रो-रो निवडावी. भाडे थोडे अधिक पडले तरी ते मोठ्या जहाजाच्या स्थैर्यासाठी दिलेले असते. सगळे धडधाकट असतील, ऋतू हिवाळ्याचा असेल आणि मुंबईत फोर्ट-कुलाबाच पाहायचा असेल तर मांडवा-गेटवे उत्तम. मुक्काम उरणला असेल तर जाताना मोऱ्याची बोट घ्यावी, समुद्रावरून शहर कसे दिसते ते मुलांना दाखवावे आणि येताना लोकल धरावी. विशेषतः पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे. रेवसचा मार्ग ज्याचे घर त्या बाजूला आहे त्यानेच, स्थानिकांना विचारून घ्यावा. जून ते ऑगस्ट यांमध्ये लहान बोटीचा विचार सोडावा आणि रो-रोचाही बेत रस्त्याचा पर्याय हाताशी ठेवूनच करावा. बोटीत माणसे दाटीवाटीने चढू लागली तर खाली उतरून पुढची बोट घेण्यात लाज मानू नये. जाकीट अंगात घालावे, मांडीवर ठेवू नये. आणि झाशीच्या गाडीचे आरक्षण ज्या दिवशीचे असेल त्याच दिवशी खाडी ओलांडण्याचा मोह टाळावा. समुद्र आणि रेल्वे यांच्यामध्ये एक रात्र असू द्यावी.

हा सल्ला मी देतो खरा, पण तो देताना मला बरे वाटत नाही. यातील प्रत्येक वाक्य प्रत्यक्षात धक्क्यावरच्या तक्त्यावर असायला हवे होते. ज्याचे नातेवाईक अलिबागेत आहेत किंवा ज्याच्या ओळखीचा कोणी अधिकारी आहे, त्याला विचारून समजते. ज्याचे कोणी नाही तो धक्क्यावर उभा राहून शिकतो. ओळखीने मिळणारी माहिती आणि फलकावर लिहिलेली माहिती यांमधले अंतर कमी करणे, हे माझ्या मते प्रशासनाचे निम्मे काम आहे. घरापासून अकराशे किलोमीटर दूर राहणाऱ्या मराठी माणसाला हे अधिक जाणवते, कारण आपल्याच प्रांतात तो परका होऊन उतरतो. त्याला विशेष सवलत नको आहे. परतीची शेवटची बोट आज सुटेल की नाही, एवढे त्याला सकाळीच कळावे.